‘सर्कमनॅव्हिगेट’ मराठीत कसं लिहायचं? नव्या भाषांतरकारांसाठी पायरीपायरीने

नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थाआधीची गोष्ट. भाविकांसाठीच्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी या धंद्यात नवीन होते आणि हौस दांडगी होती. पत्रकात एक वाक्य होतं की गर्दीचा भाग सर्कमनॅव्हिगेट (circumnavigate, म्हणजे ढोबळमानाने भोवतीने जाणं) करून घाटाकडे या. मी कोश उघडला, पहिला दिसला तो अर्थ उचलला आणि लिहून मोकळी झाले: ‘भाविकांनी गर्दीच्या भागाला प्रदक्षिणा घालून रामकुंडाकडे यावे.’ संध्याकाळी डीटीपी करणाऱ्या काकांचा फोन आला. ‘ताई, गर्दीला प्रदक्षिणा किती घालायच्या? अकरा की एकवीस?’

पत्रक अजून छापायचं बाकी होतं म्हणून मी वाचले. तेव्हापासून हा शब्द मला दरवर्षी दोनतीनदा तरी भेटतो. कधी मुलांच्या भूगोलाच्या मजकुरात, कधी नौदलाच्या बातमीत, कधी कंपनीच्या पत्रव्यवहारात. दर वेळी त्याचं मराठी वेगळं निघतं. आता पुन्हा सिंहस्थाची कामं सुरू झाली आहेत आणि बरीच नवी मंडळी भाषांतराकडे वळली आहेत, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवते.

जवळ काय ठेवायचं

- एक इंग्रजी-इंग्रजी कोश. थेट इंग्रजी-मराठी कोशावर उडी मारू नका, माझी गर्दीतली प्रदक्षिणा तिथूनच सुरू झाली होती.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. म्हातारा आहे, पण ‘फेरी’, ‘फेरा’, ‘वळसा’ यांच्या छटा त्यात नीट सापडतात. इंटरनेटवर फुकट आहे.
- दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मिळाला तर. आपल्या नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तेव्हा संदर्भग्रंथासाठी आधी तिथे विचारा, मग विकत घ्यायचं बघा.
- पृथ्वीचा गोल आणि हातभर दोरा. हसू नका, पाचव्या पायरीला लागणार आहे.

१. आधी शब्द फोडा

लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे भोवती, ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. भोवतीने जहाज हाकणं, एवढाच मूळ अर्थ. यातला ‘नाविस’ आपल्या ‘नौ’चा सख्खा भाऊ. नौका, नाविक, नौदल हे सगळं त्याच घरचं.

पुढे काय झालं, तर शब्दातलं पाणी हळूहळू आटलं. नॅव्हिगेशन म्हणजे आता फोनमधली बाई, जी द्वारका चौकातल्या कोंडीत ‘उजवीकडे वळा’ म्हणत राहते. तसंच सर्कमनॅव्हिगेटचंही झालं. त्याचे आज तीन अर्थ चालतात: जहाजाने भोवती फिरून येणं, कशानेही भोवती फिरून येणं, आणि अडचण टाळून पुढे सरकणं. तुमच्या वाक्यात यातला कोणता अर्थ आहे हे ठरल्याशिवाय मराठी शब्द शोधायला जाऊ नका.

२. पाणी आहे का, ते बघा

इंग्रजी क्रियापदाच्या पोटात जहाज आहे. मराठीत तसं क्रियापद नाही, त्यामुळे वाहन वेगळं लिहावं लागतं: ‘जहाजातून’, ‘शिडाच्या बोटीतून’, ‘होडीने’. मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२-०३ मध्ये ऑस्ट्रेलियाभोवती फेरी पूर्ण केली, असं नुसतं लिहिलं तर वाचणाऱ्याला तो चालत गेला की घोड्यावरून, काही कळत नाही. ‘जहाजातून’ हा एक शब्द घातला की झालं. पण तो एकदाच घाला. प्रत्येक वाक्यात ‘जहाजाने जलमार्गे समुद्रातून’ असं लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना शब्दांवर पैसे मिळत असावेत.

उलट्या दिशेने काम करताना याच पायरीवर पाय घसरतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी फेरीचं इंग्रजी करताना एका होतकरू मुलाने सर्कमनॅव्हिगेट लिहिलं होतं. इंग्रजीत ते अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होडी येते. पायी प्रदक्षिणेसाठी इंग्रजीत सर्कमॲम्ब्युलेट हा वेगळा शब्द आहे, त्यात चालणं आहे. तो जड वाटला तर सरळ ‘वॉक अराउंड’ म्हणा.

३. वर्तुळ पुरं झालंय का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळून पलीकडे गेला. वास्को द गामा त्याच टोकाला वळून १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. दोघांनीही आफ्रिकेला प्रदक्षिणा घातली नाही. त्यांनी वळसा घातला. इंग्रजीत यासाठी ‘राउंड’ हे क्रियापद येतं आणि घाईत लोक त्यालाच सर्कमनॅव्हिगेट समजतात. निघालो तिथे परत आलो तर फेरी, प्रदक्षिणा, परिक्रमा. पलीकडे निघून गेलो तर वळसा.

‘वळसा’ हा शब्द आपल्याकडे कोशातून काढावा लागत नाही. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून युरोपला जाणारी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या टोकावरून जाऊ लागली. त्यात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनरही होते. प्रवासाचे दिवस वाढले, भाडं वाढलं. त्या हंगामात निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही बागाईतदाराशी बोला, तो म्हणायचा, ‘आफ्रिकेचा वळसा पडतोय.’ १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्याआधी सगळ्याच जहाजांना तो पडायचा.

‘घालतोय’ नाही, ‘पडतोय’. वळसा घालणं म्हणजे आपण होऊन लांबून जाणं, आणि वळसा पडणं म्हणजे नाइलाजाने लांबून जावं लागणं. इंग्रजी वाक्यात ‘फोर्स्ड टू’ वगैरे असेल तर ‘सर्कमनॅव्हिगेट करण्यास भाग पडले’ची कसरत करू नका. ‘वळसा पडला’ एवढ्यात सगळं येतं.

४. मध्ये काय आहे?

पाणी आणि वर्तुळ तपासून झालं की खरा प्रश्न येतो: ज्याच्या भोवती फिरलं गेलं ते काय आहे? इंग्रजीत मध्ये बेट असो, पृथ्वी असो की कारकुनाचं टेबल, क्रियापद तेच चालतं. मराठीत मधली वस्तू क्रियापद ठरवते.

मध्ये पूज्य काही असेल तर प्रदक्षिणा. हा शब्दच दिशा घेऊन आला आहे. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. ज्याला प्रदक्षिणा घालायची ते आपल्या उजव्या हाताला राहिलं पाहिजे. शंकराच्या देवळात तर पुरं वर्तुळही लागत नाही. पन्हळीपर्यंत जायचं, ती न ओलांडता मागे फिरायचं, आणि तरी ती प्रदक्षिणाच. मागच्या पायरीचा नियम इथे मोडतो, पण देवळातला नियम जुना आहे, तेव्हा माघार माझी.

मध्ये नदी, डोंगर, क्षेत्र असं मोठं काही असेल आणि दिवस किंवा महिने लागत असतील तर परिक्रमा. मराठी वाचकाच्या कानात या शब्दाबरोबर पहिली येते ती नर्मदा. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. फक्त ती समुद्राला मिळते तिथे नावेत बसून पलीकडे जायचं. म्हणजे एवढ्या मोठ्या पायी वाटेत एक तुकडा खरोखरच नौकेचा आहे. मला तर शंका आहे की नौदलाच्या मोहिमेचा ‘सागर परिक्रमा’ हा शब्द आपल्या कानाला इतका सहज लागला त्याचं कारण हेच असावं.

मध्ये ओळखीचं, आपलं काही असेल तर फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीभोवती लोक निघतात, कुशावर्तात स्नान करून, बरेचसे रात्रीच, कित्येक अनवाणी, वीसेक किलोमीटर. पत्रिकांमध्ये ‘ब्रह्मगिरी प्रदक्षिणा’ छापलेलं असतं. पण नाशिकच्या एसटी स्टँडवर उभे राहा आणि ऐका, सगळे ‘फेरीला चाललो’ म्हणतात. माझ्या आत्याने मला पहिल्यांदा नेलं तेव्हा पहाटे चिखलात माझी चप्पल अडकली. मी कुरकुरले, ‘किती चालायचं अजून?’ ती म्हणाली, ‘मध्ये डोंगर आहे म्हणून फेरी म्हणायचं गं. डोंगर नसता तर नुसती पायपीट.’ भाषांतराच्या कुठल्याही कार्यशाळेत मला हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

मध्ये साधं काही असेल, तळं, मैदान, बेट, आणि हेतू मौजेचा असेल, तर फेरी किंवा चक्कर. गंगापूर धरणाच्या पाण्यात बोटीने मारतो ती चक्कर, तिला परिक्रमा म्हटलं तर लोक नारळ शोधायला लागतील.

आणि मध्ये नको असलेलं काही असेल, तर सातव्या पायरीवर या.

५. मध्ये पृथ्वी असेल तर

हा खास प्रकार आहे. इथे ‘पृथ्वीप्रदक्षिणा’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. गणपतीने आईवडिलांभोवती फिरून कार्तिकेयाला हरवलं, ती गोष्ट ज्याने ऐकली त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतिहासाच्या, मुलांच्या, सर्वसाधारण मजकुरात तोच वापरा.

नौदलाबद्दल लिहीत असाल तर मात्र ‘सागर परिक्रमा’. ते मोहिमेचं नाव आहे, बदलायचं नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परत आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून सहा महिला अधिकाऱ्यांनी केली ती ‘नाविका सागर परिक्रमा’. ‘म्हादेई’ हे मांडवी नदीचं नाव आहे. नौका गोव्यातच बांधलेली. तेव्हा ‘महादेवी’ अशी ‘दुरुस्ती’ करू नका, मी एका प्रुफात ती पाहिली आहे.

अशा मोहिमेला प्रदक्षिणा म्हणायला अटी असतात: निघालेल्या बंदरात परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त ओलांडायचं, आणि अंतर निदान २१,६०० सागरी मैल भरायचं. हा आकडा हवेतून आलेला नाही. विषुववृत्ताचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला आणि प्रत्येक कलेला एक सागरी मैल. इंग्रजीत ‘मिनिट’ असेल तिथे ‘कला’ लिहा किंवा ‘मिनिट’च ठेवा, पण घड्याळातलं मिनिट वाटणार नाही याची काळजी घ्या. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, रस्त्यावरचा मैल १.६०९ चा. किलोमीटर करताना लोक हमखास चुकीच्या मैलाने गुणतात.

आता गोल आणि दोरा घ्या. ‘म्हादेई’चा मार्ग लावा: मुंबईहून खाली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडून पूर्वेला, मग दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न, मग आफ्रिकेचं टोक, मग घर. दोरा पृथ्वीच्या पोटाभोवती न जाता तळाशी फिरतो. पूर्वेकडे तोंड करून जाणाऱ्याच्या उजव्या हाताला दक्षिण असते. म्हणजे सगळी वाट अंटार्क्टिका उजव्या हाताला. धर्मशास्त्राप्रमाणेही शुद्ध प्रदक्षिणा! मला हे पहिल्यांदा दोऱ्याने दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला दाखवलं होतं. तिने विचारलं, ‘मग मध्ये देव कोण?’ उत्तर सुचलं नाही.

मॅगेलनची मोहीम उलटी, पश्चिमेकडून गेलेली. त्याच्याबद्दलची ठरलेली चूक म्हणजे ‘मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.’ नाही केली. १५१९ मध्ये पाच जहाजं घेऊन तो निघाला आणि २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर मारला गेला. ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज घेऊन सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला पोहोचला तो त्याच्याच मोहिमेतला एल्कानो, सोबत सगळे मिळून अठरा जण. इंग्रजी मजकुरात बहुतेक वेळा ‘मॅगेलनची मोहीम’ असं जपून लिहिलेलं असतं. मराठी करताना ‘मोहीम’ गळते आणि मेलेला माणूस घरी पोहोचतो.

जाता जाता: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. भाषांतरात कुठे उपयोगी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

६. क्रियापद आणि प्रत्यय जुळवा

शब्द बरोबर निवडून इथे वाक्य बिघडवणारे पुष्कळ आहेत.

- देवळाला, पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. ‘प्रदक्षिणा मारली’ बोलण्यात चालतं, छापील मजकुरात खटकतं.
- नर्मदेची परिक्रमा करतात. परिक्रमावासी ‘परिक्रमा उचलली’ म्हणतात, म्हणजे सुरू केली. त्यांच्याबद्दल लिहिताना तो शब्द राहू द्या.
- बेटाभोवती फेरी मारतात, ब्रह्मगिरीच्या फेरीला जातात.
- टोकाला वळसा घालतात, आपल्याला वळसा पडतो.
- घार आणि हेलिकॉप्टर घिरट्या घालतात. त्यांना परिक्रमा नको.

‘चे परिक्रमण करण्यात आले’ असली वाक्यं करू नका. कुणी केलं ते सांगा.

७. मध्ये अडचण असेल तर

माझ्या गर्दीचं उत्तर इथे होतं. कोंडी, नियम, प्रश्न, साहेब, यांना कुणी प्रदक्षिणा घालत नाही. (साहेबांना घालतात, पण ते वेगळ्या अर्थाने.)

रस्त्यावरची अडचण असेल तर वळसा घालून, बाजूने, दुसऱ्या वाटेने. माझं वाक्य असं व्हायला हवं होतं: ‘गर्दीचा भाग टाळून, बाजूच्या रस्त्याने रामकुंडाकडे यावे.’

प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं असेल तर बगल दिली. नियमातून सुटका करून घेतली असेल तर पळवाट काढली. इथे सांभाळा, कारण ‘पळवाट’ला आरोपाचा वास आहे. कंपनीच्या पत्रात मूळ लेखक स्वतःबद्दल सर्कमनॅव्हिगेट म्हणत असेल, तर तो स्वतःवर आरोप करत नसतो. तिथे ‘अडचणीतून मार्ग काढला’ लिहा. साधं काम उगाच लांबून केलं असेल तर ‘द्राविडी प्राणायाम’ आहेच, पण तो टोमणा आहे. मूळ वाक्यात टोमणा असेल तरच वापरा.

८. फसवे शेजारी

फेरी आणि फेरी. बोटीलाही मराठीत फेरी म्हणतात, फेरीबोट. ‘फेरीने घारापुरीला गेलो’ आणि ‘घारापुरीला फेरी मारली’ यांत समुद्राएवढं अंतर आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही येत असतील तर बोटीला बोट म्हणा.

परिवलन आणि परिभ्रमण. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. शाळेच्या भूगोलात हे शब्द पक्के ठरलेले आहेत. खलाशाला परिभ्रमण करायला लावलंत तर शिक्षक तुमचं पुस्तक परत पाठवतील.

सर्कमव्हेंट, म्हणजे टाळणं, बगल देणं. दिसायला जुळा भाऊ, पण त्याच्यात जहाज नाही. तो जवळजवळ नेहमी सातव्या पायरीवरचा असतो.

९. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा

मोबाइलवर नाही, तोंडाने. घरात कुणी असेल तर त्यालाच ऐकवा आणि एकच विचारा: ‘हा माणूस नेमका कुठून कुठे गेला?’ ऐकणाऱ्याने हवेत बोट फिरवून बरोबर रेघ काढली, पुरं वर्तुळ किंवा अर्धा वळसा, तर पाठवून द्या. मी माझा मजकूर अजूनही त्या डीटीपीवाल्या काकांना ऐकवते. ते आता निवृत्त झालेत, पंचवटीत असतात. मजकूर ठीक असला तर काही बोलत नाहीत. नसला तर विचारतात, ‘ताई, अकरा की एकवीस?’